अध्यक्षाचं ताट

राकेराने सगळं देऊन टाकलं, फक्त फोन दिला नाही.

कपाटाची किल्ली दिली. नाचाचे कमरपट्टे, शिंपल्यांच्या माळा, बसायच्या चटया, गाताना मधे ठेवून बडवायची ती लाकडी पेटी, मंडळाचा शिक्का, बँकेतल्या नव्या सह्या, सगळं एकेक करून समजावून दिलं. चर्चमागच्या सभागृहात पोरं चटईवर मांडी घालून बसली होती. पाळकांनी प्रार्थना केली. मग राकेराने स्वतःच्या डोक्यावरचं फुलांचं कडं काढून बिरिबोच्या डोक्यावर ठेवलं आणि किरिबाती विद्यार्थी मंडळाला नवा अध्यक्ष मिळाला. रिवाजाप्रमाणे कुणी त्याच्या मानेवर पावडर थापली, कुणी अत्तर फवारलं, आणि बिरिबोने खोटं खोटं शिंकून सगळ्यांना हसवलं. राकेरा हसली नाही. तिच्या खांद्यावरच्या पिशवीत तो जुना, कोपऱ्याला तडा गेलेला फोन होता. तो तिथेच राहणार, असं तिने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आता एका फोनचं एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. इथे फिजीच्या राजधानीत, सुवात, कुणालाही विचारा, किरिबातीच्या पोरांचं मंडळ काय करतं? नाचतात, जुलैत स्वातंत्र्यदिन करतात, रविवारी चर्च दणाणून सोडतात. खरंच आहे ते. पण तिकडे किरिबातीच्या बेटांवरच्या आईबापांना विचाराल तर त्यांच्या लेखी मंडळ म्हणजे एक नंबर. पोराचा फोन लागत नाही, लावा तो नंबर. पोर आजारी आहे म्हणतात, लावा तो नंबर. आणि घरात कुणी गेलं, तर पोराला काहीही कळायच्या आधी लावायचा तो हाच नंबर. बेटावर अशी बातमी म्हातारी माणसं स्वतः चालत येऊन, शेजारी बसून सांगतात. परमुलखात पोराच्या शेजारी बसायला कोण जाणार? अध्यक्ष जाणार. मंडळाच्या घटनेत हे कुठेही लिहिलेलं नाही, पण अध्यक्षाचं खरं काम हेच.

पूर्वी असं नव्हतं. राकेरा पहिल्या वर्षाला होती तेव्हा एका मुलीने विद्यापीठाच्या वाचनालयात बसल्या बसल्या फोन उघडला, तर तिच्याच वडिलांच्या फोटोखाली लोकांनी 'शांती लाभो' लिहिलेलं. आजूबाजूला सगळी परकी पोरं, परीक्षा तोंडावर. मुलगी उठली, पुस्तकं जागेवर ठेवली आणि बाहेर पडली, ती दिवसभर कुणाला सापडेना. शेवटी समुद्राच्या भिंतीवर सापडली, पावसात चिंब, दातखीळ बसलेली. तिला उचलून आणणाऱ्यांत राकेरा होती. त्या मुलीचे गार हात ती आजतागायत विसरलेली नाही. तेव्हाचा अध्यक्ष होता रुआतू. त्याने त्याच आठवड्यात हा फोन घेतला, प्रत्येक बेटाच्या पाळकाला नंबर कळवला, आणि जाताना काय कसं करायचं ते राकेराला तोंडी शिकवून गेला.

यंदा विद्यापीठाने सगळ्या मंडळांसाठी शिबिर ठेवलं होतं: 'सूत्रं कशी सोपवावीत'. चकचकीत फाइल दिली, वर बिस्किटं. त्या फाइलीत माइक कुठून आणायचा नि कुठे परत द्यायचा ते होतं, खोली कशी राखून ठेवायची ते होतं. एकोणीस वर्षांच्या पोरीला तिची आई गेली हे कोणत्या तोंडाने सांगायचं, ते काही त्यात नव्हतं. असणार कुठून!

आणि हे काम या बिरिबोला द्यायचं? राकेराचा जीव तिथेच अडत होता. बिरिबो म्हणजे मंडळाचा विदूषक. भाषणात हशा, प्रार्थनेत हशा. पाळकांची नक्कल पाळकांसमोर करायचा आणि पाळकच डोळे पुसत हसायचे. पोरांनी त्याला भरभरून मतं दिली ती त्याच्या तोंडाकडे बघून. पण राकेराला त्याची दुसरी एक गोष्ट ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी ओनोतोआ बेटावरून फोन आला होता, बिरिबोची आई गेली म्हणून. राकेरानेच त्याला बोलावलं, नारळाच्या दुधातला भोपळा करून पोटभर जेवू घातलं, आणि मग सांगितलं. पोरगा रिकाम्या वाडग्याकडे बघत राहिला आणि म्हणाला, "म्हणून इतका गोड झाला होता होय?" आणि हसला! आईच्या मरणावर जो हसतो, तो दुसऱ्याचं मरण काय सांभाळणार?

दुसऱ्याच दिवशी बिरिबो तिच्या खोलीवर हजर.

राकेरा स्वयंपाकघरात सुका मासा भाजत होती. तिचे वडील तेकाई नोनोउती बेटावर राहायचे. सकाळ-संध्याकाळ माडावर चढून माडी काढायची, चढल्यावर वरूनच गाणं म्हणायचं, आणि मधल्या वेळात मासे खारवून सुकवायचे. कुणी सुवाला येणारा भेटला की लेकीसाठी पुडकं पाठवायचं. परवाच एक पुडकं आलं होतं. राकेरा ते कंजुषासारखी पुरवून पुरवून खायची.

"वा! अख्ख्या गल्लीला कळलं तुझ्या बाबांचं पुडकं आलं ते," बिरिबो दारातूनच म्हणाला. "घरमालकीण नाक धरून बसलीय खाली."

"बसू दे. तिने परत कसावा पाठवलाय, तो बघ तिथे. तुला हवा तर घेऊन जा."

बिरिबोने झाकण उचललं. उकडलेल्या कसाव्याचे, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचे, पांढरे तुकडे. "अगं, फिजीत राहून कसावा खात नाहीस म्हणजे समुद्रात राहून पाण्याला नाक मुरडल्यासारखं."

"साबण चावल्यासारखं लागतं मला. इतकी वर्षं झाली, घशाखाली उतरत नाही. बस तू. मासा खातोस ना?"

तो जमिनीवर बसला. भात, मासा आणि एक मिरची घेऊन दोघं जेवली. मग बिरिबोने हात पुसले आणि पुढे केला.

"ताई, फोन."

"परीक्षा होईपर्यंत राहू दे माझ्याकडे."

"का?"

"कारण तुला अजून काही माहीत नाही."

"मग सांग की. शिकव. शिबिरात बिस्किटं खाल्ली मी, शिकलो काही नाही."

राकेराला नाही म्हणता येईना. तिने शिकवायला घेतलं, खरं म्हणजे याला जमणारच नाही हे त्यालाच कळावं म्हणून.

"फोन आला की आधी स्वतः बस. उभ्याने ऐकायचं नाही. मेलेल्याचं पूर्ण नाव विचारून घे, कसं झालं ते विचार. मग पोर कुठे आहे ते शोध, पण त्याला फोन करायचा नाही. एकट्याने जायचं नाही. त्याच्याच बेटाचं एक माणूस बरोबर घ्यायचं."

"बरं."

"आधी जेवू घालायचं. बातमी कळल्यावर दोन-दोन दिवस पोटात अन्न जात नाही, आणि उपाशी पोटी रडणं वाईट. पोट भरल्याशिवाय तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. मग चटईवर बसवायचं आणि सरळ सांगायचं. आजारी आहेत, सिरियस आहेत, असलं खोटं नाही. अमुक अमुक गेले, असं. आणि सांगितल्यावर उठून जायचं नाही. रात्रभर बसायचं."

"आणि ते जेवण कसं ठरवायचं? जे असेल ते?"

राकेराला यातलीच आपली करामत सांगायची होती. "दर वर्षी स्वागताच्या संध्याकाळी आपण सगळ्यांना उभं करून विचारतो ना, नाव, बेट आणि आवडीचा पदार्थ? पोरं हसतात, टाळ्या देतात. ते कशासाठी विचारते मी? त्यासाठीच. सगळ्यांचं लक्षात आहे माझ्या. आमच्या बेटाच्या तेरेतियाला, तिची आजी गेली तेव्हा, पॅनकेक केले होते. तुला भोपळा. ज्याला जे आवडतं ते. निदान तेवढं तरी."

बिरिबो ताटातलं माशाचं काटेरी शेपूट इकडून तिकडे करत बसला. या पोराला गप्प बसलेला तिने कधी पाहिलाच नव्हता.

"ताई, एक सांगू? रागावू नकोस."

"बोल."

"तेव्हापासून मी भोपळा खाल्लेला नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे नाही खाल्ला. समोर आला की मळमळतं. आई तो दर रविवारी करायची. आई गेली, ती गेलीच. पण भोपळा राहिला असता ना माझ्याकडे? कधीतरी खाल्ला असता, तिची आठवण काढली असती. तू तोही नेलास."

राकेराच्या अंगाची आग आग झाली. ज्या वाडग्यासाठी ती बाजारभर भटकली होती, नारळ स्वतः खवला होता, त्याचं हे फळ!

"मी नेला? मी तुझ्यासाठी..."

"तू चांगल्यासाठीच केलंस. मला माहीत आहे. म्हणून तर तेव्हा हसलो. रडलो असतो तर तुला वाटलं असतं भोपळा बिघडला." त्याने पुन्हा थट्टेचा आवाज काढायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. "आपण उलटं विचारायला हवं, ताई. काय आवडत नाही ते. आणि तेच वाढायचं. जे कायमचं सुटलं तरी चालेल असं काहीतरी."

"म्हणजे मरणाच्या दिवशी पोरांना नावडतं खायला घालायचं? छान! अक्कल गहाण टाकलीयस का तू?"

"कदाचित. आणखी एक विचारू?" तो आता सरळ तिच्या डोळ्यांत बघत होता. "तुझ्या घरून फोन आला तर?"

"कुठे?"

"या फोनवर. नोनोउतीहून. तुझ्यासाठी."

राकेरा ताटं उचलत होती. हा प्रश्न तिच्या मनात कधी आला नव्हता असं नाही. आला होता, आणि तिने तो दर वेळी घालवून दिला होता. "फोन माझ्याकडे आहे, मलाच येईल. मी घेईन."

"एकटी?"

"बिरिबो, मी काही लहान नाही."

"फोन दे," तो म्हणाला. थट्टा नाही, हसू नाही. "आजच्या आज दे. पोरांनी अध्यक्ष मला केलाय. खुर्ची दिलीस, मग फोन ठेवून घ्यायचा तुला अधिकार नाही."

अधिकार! दोन वर्षं ज्या फोनच्या धाकाने ती धड झोपली नव्हती, आंघोळीला जाताना जो दाराशी ठेवायची, त्याचा अधिकार हा कालचा पोर तिला शिकवत होता. राकेराने पिशवीतून फोन काढला आणि चटईवर आपटला.

"घे! घे आणि जा. पण उद्या एखादं पोर एकटं रडलं ना, तर मला तोंड दाखवू नकोस."

त्याने फोन उचलला, तडा आणखी वाढला का ते पाहिलं, आणि निघून गेला. जाताना त्याने कसाव्याचं भांडं उचललं नाही. राकेराने नंतर तो कसावा घरमालकिणीच्या कुत्र्याला घातला.

पुढचे दिवस राकेराला मोकळं मोकळं वाटायला हवं होतं. वाटेना. पिशवी खांद्यावर हलकी लागायची आणि तीच बोचायची. अभ्यासाला बसलं की कान उगाच टवकारायचे. तेरेतिया तिच्याच बेटाची, पहिल्या वर्षापासून तिच्या मागे मागे असणारी. तिच्याकडून राकेरा आडून आडून चौकशी करायची. "तुझा अध्यक्ष काय करतोय गं? फोन सांभाळतोय की विकून आलाय?"

"ताई, तो फोन झोपताना छातीवर ठेवतो म्हणे," तेरेतिया सांगायची. "आणि परवा नाचाच्या तालमीत सगळ्यांना विचारत सुटला होता, तुला काय खायला आवडत नाही, तुला काय आवडत नाही. आम्ही हसून हसून मेलो. एकाने सांगितलं मला काहीही चालतं, तर त्याच्यावर चिडला."

राकेराने तोंड वाकडं केलं. म्हणजे तो खुळेपणा करणारच होता तर.

रविवारी वडिलांचा फोन आला. नोनोउतीवर सगळीकडे रेंज मिळत नाही, तेकाई शाळेजवळच्या भिंतीवर चढून बोलायचे. वाऱ्याचा आवाज, त्यात त्यांचं खोकणं, त्यात त्यांचं हसणं.

"काय अध्यक्षीणबाई, गेलं का राज्य?"

"गेलं, बाबा."

"सगळं दिलंस?"

"दिलं."

"फोन पण? आमच्या पाळकाला विचारत होतो, नंबर तोच राहणार ना."

"तोच. पण आता उचलणार दुसरा. एक वेडा आहे."

"असू दे वेडा. तू कमी वेडी होतीस का पहिल्या वर्षी? आता झोप जरा. दोन वर्षं तुझा आवाज थकलेला यायचा. मी तुझ्या आईला म्हणायचो, ही पोर झोपते का नाही?" मग त्यांनी मासा मिळाला का ते विचारलं, पुढच्या बोटीने आणखी पाठवतो म्हणाले, आणि माडावर चढायची वेळ झाली म्हणून फोन ठेवला.

त्या रात्री राकेरा खरंच झोपली.

आठवडा सरत आला होता. सकाळी राकेरा मागच्या पडवीत कपडे पिळत होती. पावसाची भुरभुर चालू होती, ती सुवात नसते कधी? शेवटच्या पेपरची वही तिने दोरीवरच्या चिमट्याला अडकवून ठेवली होती, हात चालवत पाठ करायला. फाटक वाजलं. बिरिबो होता. अंगात चर्चला घालायचा पांढरा शर्ट. हातात फडक्याने झाकलेलं ताट. त्याच्या मागे तेरेतिया, काखेत गुंडाळलेली चटई.

"काय रे, नवऱ्यामुलासारखा नटून कुठे निघालास?" राकेरा म्हणाली. भांडणाचा राग अजून गेला नव्हता, पण या माणसावर फार वेळ रागावून राहता यायचं नाही. "माफी मागायला आलायस? ताट बिट घेऊन?"

"आत चल, ताई. जेवून घे."

"आत्ता? भात टाकलाय मी. बाबांचा मासा भाजायचाय."

"आधी हे खा."

आत जाऊन ती बसली. बिरिबोने ताट समोर ठेवलं आणि फडकं काढलं. उकडलेला कसावा. नुसता. वर मिठाचे चार खडे.

राकेरा खो खो हसली. "मेल्या! एवढा पावसातून चालत आलास, ते हे खाऊ घालायला? भांडणाचा सूड घेतोस होय रे?"

बिरिबो हसला नाही.

तिने तेरेतियाकडे पाहिलं. तेरेतियाने चटई उरापाशी घट्ट धरली होती आणि ती जमिनीकडे बघत होती. तेरेतिया नोनोउतीची. त्याच्याच बेटाचं एक माणूस बरोबर घ्यायचं. राकेराचं हसू तोंडातच राहिलं.

दोन वर्षांत तिने किती जणांपुढे ताट ठेवलं होतं! त्यांतल्या कुणालाही ताटाचा अर्थ ठाऊक नसायचा. बिचारी हसत जेवायची, आणखी वाढ म्हणायची. हे फक्त अध्यक्षालाच माहीत असतं. आणि या घटकेला या खोलीत दोन अध्यक्ष होते, एक जुनी, एक नवा.

कोण? आई? बाबा? धाकटा भाऊ? प्रश्न घशापर्यंत आला. विचारलं असतं तर बिरिबोने काय केलं असतं कोण जाणे, त्याला खोटं बोलायची मनाई होती, आणि पोट भरल्याशिवाय बोलायचीही. हा पेच तिनेच त्याला बांधून दिला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या कपाळावर घाम होता, हात मांडीवर घट्ट दाबलेले. पोर घाबरलं होतं. पहिल्या वेळी तीही अशीच घाबरली होती.

राकेराने कसाव्याचा तुकडा उचलला आणि तोंडात घातला.

साबणच. तिने चावला, गिळला. दुसरा घेतला. आयुष्यात कधी एवढा कसावा तिने खाल्ला नव्हता. ती घाई करत नव्हती. ताटात कसावा आहे तोवर आई चुलीपुढे बसलेली आहे, बाबा माडावर आहेत, धाकटा शाळेत आहे. ताट संपलं की त्यातलं कुणीतरी एक नसणार. ती सावकाश चावत होती आणि डोळ्यांतून पाणी ताटात पडत होतं, मीठ कमी होतं ते पुरं होत होतं. तेरेतियाला राहवेना, ती मुसमुसायला लागली. बिरिबोने तिच्याकडे नुसतं पाहिलं, ती गप्प झाली.

भोपळ्याचा अर्थ राकेराला तेव्हा कळला. हा पोरगा काय म्हणत होता, आणि फोन हट्टाने का नेला, तेही. तो फोन अजून तिच्या पिशवीत असता तर आज सकाळी या पडवीत, ओल्या कपड्यांत, एकटीने उभ्या उभ्या तिने ते ऐकलं असतं. आणि उचलून आणायला कुणी आलं नसतं, कारण कुणाला कळलंच नसतं.

तिने शेवटचा तुकडा गिळला. ताट बोटाने पुसलं. पाणी प्यायली.

"सांग," ती म्हणाली.

तेरेतियाने चटई अंथरली. राकेरा चटईवर सरकली. बिरिबो तिच्यासमोर बसला, गुडघ्याला गुडघा लागेल एवढा जवळ.

"ताई, तुझे वडील तेकाई, नोनोउतीचे, आज पहाटे गेले. माडावर चढले होते. गाणं चालू होतं, खाली लोकांनी ऐकलं. मधेच थांबलं, आणि ते पडले. लगेच गेले, हाल झाले नाहीत. आई ठीक आहे, तिच्याजवळ तुझी मावशी आहे." त्याने एवढं एका दमात सांगितलं. मग त्याचा आवाज फुटला. "मी दोनदा विचारून खात्री केली. पाळकाला पूर्ण नाव विचारलं. बसून ऐकलं. सगळं तू सांगितलंस तसं केलं."

"नीट केलंस," राकेरा म्हणाली. आणि मग तिने तोंड उघडलं आणि जो हंबरडा फोडला, तो ऐकून खालची घरमालकीण धावत वर आली.

विमान परवा होतं, त्यापुढे बोट, आणि तिकडे माती द्यायला एवढे दिवस कुणी थांबत नाही. ती पोचणार नव्हती हे सगळ्यांनाच माहीत होतं. म्हणून बाबांना पोचवायचं ते इथेच, या खोलीत. दुपारपर्यंत मंडळाची पोरं यायला लागली. पायताणं बाहेर, चटया आत. जागा पुरेना तेव्हा पडवीत बसली, पडवी भरली तेव्हा जिन्यावर. कुणी भाषण केलं नाही. हळूहळू एकाने गाणं धरलं, मग सगळ्यांनी. राकेरा तेरेतियाच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता, डोळे मिटलेले होते, पण कान जागे होते.

संध्याकाळी पाळकांची बायको आली. मायाळू बाई. पोरीच्या पोटात सकाळपासून काही नसेल म्हणून थेट स्वयंपाकघरात शिरली, आणि फडताळात तिला ते पुडकं दिसलं. तिने चूल पेटवली. खारवलेल्या माशाचा वास सगळ्या घरात पसरायला लागला, आणि राकेराच्या मिटल्या डोळ्यांपुढे बाबा उभे राहिले, उन्हात मासे उलटेपालटे करणारे. तिला ओरडून सांगायचं होतं, नको. तोंडातून आवाज फुटेना.

तेवढ्यात बिरिबो उठल्याचं तिला ऐकू आलं. सकाळपासून तो तिच्या उशाशीच बसून होता.

"काकू, तो मासा नको," स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला.

"अरे, पण तिच्या बाबांच्या हातचा आहे. तिला फार आवडतो. दोन घास जातील."

"म्हणूनच नको." चूल विझवल्याचा आवाज आला. कागदाची घडी पुन्हा घातल्याचा, पुडकं दोरीने बांधल्याचा. "हा आज नाही खायचा, काकू. हा तिला पुढे लागणार आहे. खालून घरमालकिणीने कसावा पाठवलाय, तो द्या."